जागेच्या बदल्यात जागा: टिळकवाडीतील एका करसल्लागार कार्यालयाचा अनुभव

आमचे मशीन शॉप बेळगावात उद्यमबागेला लागून, वडिलांनी १९९४ साली खरेदी केलेल्या आणि आता वारसाने माझ्या नावावर असलेल्या जागेत होते. खानापूर रस्त्यावरील एका परिचितांना शहराजवळ जागा हवी होती व आम्हाला मोठी. तेव्हा पैशांचा व्यवहार न करता जागेला जागा द्यावी, असे दोन्ही घरांनी ठरवले. अमेरिकेत असलेल्या भाच्याने तर अशा अदलाबदलीवर कर लागतच नाही, असे ठामपणे सांगितले होते. त्या भरवशावर मी केवळ दस्ताचा मसुदा करून घेण्यासाठी या कार्यालयात गेलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच तो भरवसा मोडला. तो वेळेत मोडला, यासाठीच हे कार्यालय मला मोलाचे वाटते.

भाचा तिथला कायदा सांगत होता. अमेरिकेत कलम १०३१ खाली व्यवसायाची वा गुंतवणुकीची स्थावर मालमत्ता दुसऱ्या तशाच मालमत्तेसाठी देता येते. बदली मालमत्ता ४५ दिवसांत निश्चित करावी लागते, व्यवहार १८० दिवसांत पुरा करावा लागतो, आणि तरीही कर माफ होत नाही, केवळ पुढे जातो. आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २(४७) मधील हस्तांतरणाच्या व्याख्येतच अदलाबदल येते, त्यामुळे भांडवली नफ्याचा (मालमत्ता हातून जाताना होणाऱ्या नफ्याचा) कर त्याच वर्षी अंगावर येतो. त्यातही मेख अशी की हाती रोकड येत नाही, कर मात्र रोकडीतच भरावा लागतो. उपनिबंधक कार्यालयाच्या मार्गसूची दरापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, किंमत फार कमी दाखवण्याची सोयही कलम ५०सी ठेवत नाही. शिवाय मुद्रांक शुल्क दोन्हीपैकी अधिक किमतीच्या जागेवर बसते.

सल्लागारांचे खरे कसब दिसले ते जमीन आणि शेड यांची किंमत वेगळी काढण्यात. शेडवर आम्ही वर्षानुवर्षे घसारा (झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून मिळणारी वजावट) घेतला असल्याने तिच्यावरील नफा कलम ५० प्रमाणे अल्प मुदतीचा धरला जातो, तर जमिनीवर घसारा नसतो, म्हणून तिचा नफा दीर्घ मुदतीचा राहतो. जमिनीसाठी जुन्या खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरून त्यांनी दोन्ही पर्याय मांडले: निर्देशांकाशिवाय (म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत न वाढवता) १२.५ टक्के, किंवा निर्देशांकासह २० टक्के. हा दुसरा पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी आणि तोही निवासी व्यक्ती वा हिंदू अविभक्त कुटुंबालाच मिळतो. जागा कंपनीच्या नावावर असती तर तो गेलाच असता. आमच्या बाबतीत २० टक्क्यांचाच हिशेब हलका पडला. उरलेला भार कमी करण्यासाठी त्यांनी कलम ५४ईसीचे, म्हणजे आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी वित्त कंपन्यांचे, करसवलत देणारे रोखे सुचवले: कमाल ५० लाख रुपये, हस्तांतरणापासून सहा महिन्यांच्या आत, पाच वर्षे अडकून, आणि व्याज करपात्र. घसारा घेतलेली शेड जुनी असल्याने तिच्या नफ्यालाही ही सवलत मागता येते, हे त्यांनी गोव्याच्या डेम्पो कंपनीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाच्या आधारे समजावले. कन्नडमधील उतारे त्यांनी ओळीने वाचून मराठीत सांगितले, ही गोष्ट बेळगावात लहान नाही.

तक्रारीही आहेत. आठ दिवसांत देतो म्हटलेला हिशेब महिनाभराने मिळाला. मूल्यांकनकाराची फी वेगळी द्यावी लागेल, हे आधी सांगितले नव्हते. सर्वांत खटकले ते असे की, रोख्यांची मुदत संपायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना त्यांना अर्जाची आठवण आली आणि मला बँकेतील मुदत ठेव मोडून रक्कम उभी करावी लागली. विक्रीत आलेले पैसे रोख्यांत वळवता येतात, अदलाबदलीत ते खिशातून काढावे लागतात, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच ते पहिल्या भेटीत बजावायला हवे होते.

आमचे काम १९६१ च्या कायद्याखाली झाले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून मी वर दिलेले क्रमांक त्यांच्याकडून पुन्हा तपासून घ्यावेत. जाताना खरेदीदस्त, घसाऱ्याचे तक्ते आणि सीटीएस (नगर भूमापन) उतारा सोबत न्यावा. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे व लिफ्ट नाही, परंतु ज्येष्ठांनी खालून फोन केला तर सल्लागार स्वतः कागद घेऊन खाली उतरतात.