टपाची गळती: कोणता रिव्हेट, कोणतं सीलंट?

गाडीच्या टपाची गळती मी पहिल्यांदा बंद केली तेव्हा रिव्हेटच्या डोक्यांवर सिलिकॉनचे ठिपके मारले होते. पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत आलं, आणि आता त्या ठिपक्यांवर दुसरं काहीच चिकटेना. दोन तासांचं काम दोन दिवस चाललं, त्यातला बहुतेक वेळ जुनं सिलिकॉन खरवडण्यात गेला. ढिला रिव्हेट तसाच ठेवून वर लेप दिला होता. गाडी चालू लागली की पत्रा हलायचा आणि लेप कडेने सुटायचा. पत्रा धरून ठेवणं हे रिव्हेटचं काम आणि पाणी अडवणं सीलंटचं. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की गळती परत येते.

खरेदीआधी पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा. ठिबकतं तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याखालच्या पट्टीवरून वाहत जाऊन हातभर दूर टपकतं, आणि मग आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला अशी गत होते. पाइपाने पाणी मारताना खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर सरका. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. दुसरा उपाय म्हणजे गाडीची दारं-खिडक्या बंद करून आत ब्लोअरने हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा येतो तिथे वाट आहे. टप सलग लोखंडी पत्र्याचा आणि सांधे वेल्डिंगचे असतील तर रिव्हेटचा विषयच सोडा, नवी भोकं पाडून काही साधत नाही. तिथे जुनी पुट्टी काढून गंज घासायचा, प्रायमर मारायचा आणि सांधा सीलंटने भरायचा.

रिव्हेट: साधा की बंद तोंडाचा

नेहमीचा पॉप रिव्हेट स्वस्त, सगळीकडे मिळणारा आणि रिव्हेट ओढायच्या साध्या हातगनने बसणारा. पण तो नळीसारखा पोकळ असतो. पोटातला खिळा ओढून तुटला की तुकडा आत अडकून राहतो, कधी धक्क्यांनी गळूनही पडतो, आणि मग रिव्हेटच्या मधोमध आरपार वाट तयार होते. खिळा लोखंडी असेल तर गंजतो. अॅल्युमिनियमच्या टपावर रिव्हेटच्या मध्यातून तपकिरी ओघळ दिसतात ते याच तुकड्याचे. आतली पट्टी किंवा पडदे धरायला हा रिव्हेट ठीक आहे. टपावर मी तो वापरत नाही.

बंद तोंडाच्या रिव्हेटची मागची बाजू पेल्यासारखी बंद असते, खिळा आतच राहतो आणि मधून पाणी शिरत नाही. तो ओढायला जोर जास्त लागतो, आणि एकाच रिव्हेटमध्ये वेगवेगळी जाडी सामावून घेण्याची सोय कमी असते, म्हणून माप बरोबर घ्यावं लागतं. डब्यावर ‘पाणीबंद’ लिहिलं म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. तो फक्त मधली वाट बंद करतो. डोक्याखालून आणि भोकाच्या कडेने पाणी येऊ शकतंच, त्यामुळे सीलंट इथेही लागतं.

तिसरा प्रकार मागे तीन पाकळ्या फाकून बसणारा, डोक्याखाली रबरी वायसर असलेला. पातळ पत्रा, प्लायवूड किंवा फायबरच्या टपासाठी हाच घ्या. साधा रिव्हेट भोकात फुगतो आणि फायबरला तडा देतो, पाकळ्यांचा दाब मात्र मोठ्या जागेवर वाटला जातो. काही वेळा बाहेर उरलेलं खिळ्याचं टोक कापून घासावं लागतं, एवढीच कटकट.

आणि भरीव रिव्हेट? भोक पूर्ण भरतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण आतलं अस्तर काढावं लागतं आणि ठोकताना आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा धरून बसावं लागतं. अस्तर आधीच उतरवलेलं असेल तरच या वाटेला जा.

मापाचं थोडक्यात: ३.२ मि.मी.च्या रिव्हेटला ३.३ चं भोक, ४ ला ४.१ आणि ४.८ ला ४.९. ढिल्या रिव्हेटचं भोक बहुधा लांबट झालेलं असतं, त्यामुळे त्याच मापाचा नवा घालून उपयोग नाही, एक माप वर जा. लांबी ठरवताना सगळ्या थरांची एकत्र जाडी धरा: १ मि.मी.चे दोन पत्रे आणि खाली २ मि.मी.ची पट्टी असेल तर ४ मि.मी. पकडणारा रिव्हेट. नवं भोक पाडायचं असेल तर पत्र्याच्या कडेपासून निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर सोडा.

धातूंचं भांडण

इथे लोक हमखास चुकतात. दोन वेगळे धातू ओले होऊन चिकटले की त्यातला एक झिजतो. लोखंडी टपावर अॅल्युमिनियमचा रिव्हेट बसवला तर छोट्या रिव्हेटला मोठा पत्रा खाऊन टाकतो, आणि काही काळाने डोकं हातात येतं. उलट अॅल्युमिनियमच्या टपावर स्टेनलेसचा रिव्हेट असेल तर झीज मोठ्या पत्र्यावर वाटली जाते, तरी खारट हवेत भोकाभोवती पांढरी पूड दिसू लागते. म्हणून जातीला जात: अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियम, लोखंडाला जस्त चढवलेला लोखंडी. मजबुतीसाठी स्टेनलेसच हवा असेल तर तो सीलंटमध्ये बुडवूनच बसवा, आणि लक्षात ठेवा, ४.८ चा स्टेनलेस हातगनने ओढताना मनगट बोलतं.

सीलंट: ताण किती सोसावा लागतो?

आधी आकडा बघा. अॅल्युमिनियमचा १ मीटर पत्रा दर अंशाला सुमारे ०.०२३ मि.मी. वाढतो. ६ मीटरचा टप पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर लांबी साधारण साडेपाच मि.मी. बदलते. लोखंड याच्या निम्मं. त्यामुळे एपॉक्सीसारखं कडक होणारं काहीही टपाच्या सांध्यावर टिकत नाही, तडकतं.

सिलिकॉन ताणायला आणि उन्हाला उत्तम. याबाबत त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सुकताना आम्ल सोडतो आणि उघड्या लोखंडाला, जस्ताला गंजवतो. बिनवासाचा, न्यूट्रल म्हणून मिळणारा प्रकार तसं करत नाही, तरी त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीला दुसरं कुठलंही सीलंट चिकटत नाही. परत कधी हात लावायची वेळ येणार असेल, आणि टपावर ती येतेच, तर सिलिकॉन नको.

पॉलियुरेथेन, म्हणजे बस-ट्रकच्या बॉडी बांधणीत चालणारं, घट्ट चिकटतं, रंग घेतं आणि पत्र्याबरोबर ताणतं. हवेतल्या ओलाव्याने ते दिवसाला साधारण २ ते ३ मि.मी. सुकतं, त्यामुळे जाड थर लगेच सुकल्यासारखा दिसला तरी आतून ओलाच असतो. उघडं राहिलं तर उन्हाने पिवळं पडतं, वरचा थर पिठासारखा सुटतो, म्हणून त्यावर रंग मारावा. काढायला मात्र महाकठीण. हातमोजे घाला, बंद गाडीत बसून लावू नका.

एमएस पॉलिमर हा माझा नेहमीचा पर्याय. चिकटपणात पॉलियुरेथेनपेक्षा थोडं मागे, पण ऊन जास्त सोसतं, रंग घेतं आणि बहुतेक पृष्ठभागांवर प्रायमरशिवाय चालतं. घरी एकदाच काम करणाऱ्याला चुका माफ करणारं सीलंट हेच.

ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी कधी सुकत नाही, मऊच राहते आणि दाबाखाली सील करते. टपावरच्या हवेच्या झडपेच्या चौकटीखाली ती सर्वांत चांगली, कारण तिथे स्क्रू असतात: काही दिवसांनी पट्टी दबून पसरते तेव्हा स्क्रू पुन्हा आवळता येतात. रिव्हेट पुन्हा आवळता येत नाही. रिव्हेटच्या सांध्यात जाड पट्टी घातली तर ती पसरल्यावर रिव्हेटच सैल पडतो. म्हणून तिथे नळीतलं सीलंट.

सपाट टपासाठी आपोआप पसरणारं सीलंट मिळतं. स्क्रूच्या डोक्यांवर ते छान बसतं, उतारावर लावलं तर खिडकीपर्यंत ओघळतं. डांबरी पट्टी रात्रीपुरती ठीक, कडक उन्हात ती पाघळते आणि नंतर चिकट राड काढत बसावं लागतं.

मी काय घेईन

अॅल्युमिनियमच्या टपाचा सांधा गळत असेल तर: जुने रिव्हेट ड्रिलने काढून, ४.८ चे बंद तोंडाचे अॅल्युमिनियमचे रिव्हेट, दोन पत्र्यांच्या मध्ये एमएस पॉलिमर. नवा रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून भोकात घालायचा आणि सीलंट ओलं असतानाच ओढायचा, म्हणजे डोक्याखालून चहूबाजूंनी ते बाहेर येतं. कुठे आलं नाही तर तिथे कमी पडलं आहे असं समजा. फायबरच्या टपाला पाकळ्यांचा रिव्हेट आणि तेच सीलंट. लोखंडी पत्र्याला जस्तवाला रिव्हेट, पॉलियुरेथेन आणि वरून रंग. फक्त झडपेची चौकट गळत असेल तर रिव्हेट विसरा, ब्यूटाइल आणि स्टेनलेस स्क्रू पुरे.

ड्रिलचा कीस लगेच झाडून टाका. तो पत्र्यांच्या मध्ये राहिला तर सांधा नीट बसत नाही, आणि लोखंडाचा कीस टपावर पडून राहिला तर पहिल्याच दवात गंजाचे ठिपके उठतात. पाणी मारून बघायची घाई किमान दोन दिवस करू नका.