गोठवलेला चपटा मासा: उत्तर समुद्राचा प्लेस की बेरिंगचा यलोफिन?

नेदरलँड्समध्ये बसून लेपाची आठवण येत असेल तर खरा सोल घ्यावा, हे सांगायला मी नको. पण तो दर रविवारी परवडत नाही. उरतो फ्रीझर, आणि त्यात माझ्या मते उमेदवार दोनच: उत्तर समुद्राचा प्लेस आणि अलास्काकडचा यलोफिन सोल. नावात सोल असला तरी हा दुसरा लेपाच्या घराण्यातला नाही, प्लेसचाच चुलतभाऊ. प्लेसला इथे 'स्खॉल' म्हणतात. आमच्या घरी त्याचं केव्हाच 'सखोल' झालंय.

यलोफिन स्वस्त, बारमाही, काटा जवळजवळ नाही. पोरांच्या ताटात तोच बरा. मीही बरीच वर्षं तोच आणत होतो.

वैताग एकच, पाण्याचा. रवा लावून तुकडी तव्यावर टाकली की दोन मिनिटांत तळं साचतं. रव्याचं सालपट एकीकडे, मासा दुसरीकडे. आधी तव्याला दोष दिला, मग रव्याला, मग दबक्या आवाजात बायकोच्या मसाल्याला. शेवटी पाकीट वाचलं. युरोपात वरच्या बर्फाचं वजन निव्वळ वजनात धरत नाहीत, आणि तो बर्फ तर मी धुऊन काढत होतो. म्हणजे पाणी मांसातलंच. बेरिंग समुद्रात हा मासा डोकं-आतडी काढून बोटीवरच गोठवतात. त्यातला बराचसा चीनला जातो, तिथे वितळवून तुकड्या पाडतात आणि पुन्हा गोठवतात. दोनदा गोठलेलं मांस तव्यावर जास्त पाणी सोडतं. पाकिटावर तारीख छापतात ती पहिल्या गोठवणीची. दुसरीबद्दल पाकीट मूग गिळून.

उर्क या डच मासेमारी गावाचा प्लेस बहुधा बर्फात बंदरावर येतो आणि तुकड्या झाल्यावर एकदाच गोठतो. माझ्या तव्यावर तरी फरक दिसतो. तुमचा तवा वेगळं सांगेल कदाचित.

प्लेस महाग का, तर समुद्रात तो संपला म्हणून नव्हे. तो सोलच्याच जाळ्यात येतो, आणि जाळी टाकणाऱ्या बोटीच कमी झाल्या. १ जुलै २०२१ पासून विजेच्या झटक्याची पल्स मासेमारी पूर्ण बंद झाली, २०२२ मध्ये डिझेल भडकलं, ब्रेक्झिटनंतरच्या भरपाई योजनेत अनेक डच बोटी मोडीत निघाल्या.

प्लेसची खोड एकच. हिवाळ्यात तो गाभोळी टाकतो, आणि मग मार्चच्या आसपास मांस पाणचट होतं. तसला घेतला तर यलोफिनला नावं ठेवायची सोय राहत नाही. म्हणून मी गोठवल्याची तारीख बघतो. जुलै ते ऑक्टोबर असेल तर दोनऐवजी चार पाकिटं उचलतो, आणि घरी येऊन आधी मटार बाहेर काढतो, जागा करायला.