आईच्या इरकली लुगड्यांची गोधडी

गेली २२ वर्षं मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. त्यामुळे शिवलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची सवयच लागली आहे. जिल्हा परिषदेच्या बचत गटांच्या प्रदर्शनात माण तालुक्यातल्या एका वाडीतल्या शाळकरी मुलींचा स्टॉल होता. गोधड्या, दुपटी, बटवे मांडले होते. एक दुपटं उलटं केलं आणि तिथेच थांबले. मागच्या बाजूला एकही गाठ दिसत नव्हती, सगळ्या थरांच्या आत घेतलेल्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना एवढी एक सवय लावायला मला सहा महिने लागतात.

स्टॉलवर दोन मुली होत्या, एक दहावीतली, एक अकरावीतली. सोबत गट चालवणाऱ्या ताई. आई-वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात, शाळा बुडू नये म्हणून मुली आजीजवळ राहतात. टाका आजीनेच शिकवलेला. विक्रीचे पैसे फीला आणि शिक्षणाच्या खर्चाला लागतात, असं त्या सांगत होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फुकट आहे ना, मग फी कसली?" प्रश्न रास्त होता. अकरावीतल्या मुलीने नीट समजावून सांगितलं. "काकू, अनुदानित तुकडीत फी नाही. पण मला सायन्स विनाअनुदानित तुकडीत मिळालं, तिथे वर्षाचे ९,००० भरावे लागतात." अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, पण प्रॅक्टिकलच्या वह्या, पुस्तकं, परीक्षेची फी, हे सगळं तिने बोटांवर मोजून दाखवलं. त्या मोजणाऱ्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. मधल्या बोटाच्या टोकाला सुईच्या मागच्या बाजूने पडलेले बारीक काळे ठिपके होते. अंगुस्तान नव्हतं, चिंधी गुंडाळून काम चालायचं. माझ्या पिशवीत एक होतं ते तिथल्या तिथे दिलं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी सहा पाठवली.

आई गेल्यापासून तिची तीन इरकली लुगडी ट्रंकेत पडून होती. विकायची नव्हती, नेसवतही नव्हती. ती या मुलींकडे गोधडीसाठी दिली. कापड आपलं असेल तर एकेरी गोधडीचे १,६०० रुपये. ताईंनी वही उघडून दाखवली, त्यातले १,३०० शिवणाऱ्या दोघींचे, उरलेल्या ३०० मध्ये दोरा, अस्तर आणि गाडीभाडं. प्रत्येक मुलीच्या नावाचं वेगळं पान, पैसे घेतल्याची तिची स्वतःची सही. हिशेब इतका उघडा ठेवलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

आता गोधडीबद्दल. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत आला आहे. दोन ओळींत एका बोटाचं अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. नीट बघितलं तर एका बाजूचा टाका किंचित लांब आहे, दुसऱ्या बाजूचा अगदी बारीक, कारण दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. मध्यावर जिथे दोघींचे हात भेटले, तिथे आईच्या लाल पदराचा एक चौकोन बसवला आहे. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांना सुचलं. तीन धुण्यांनंतरही एक टाका उसवलेला नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली, जानेवारीअखेर मिळणार होती ती गोधडी एप्रिलच्या मध्यावर दहिवडीहून एसटीने आली. फोन केल्यावर कळलं की फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत गटाचं काम बंद असतं, कुणाला सुई हातात घेऊ देत नाहीत. हा नियम मला मनापासून पटला. फक्त तो ऑर्डर घेतानाच सांगायला हवा. दुसरी तक्रार जास्त लागली. पाठीचं लाल अस्तर कोरं लावलं होतं. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि एका फिक्या पट्टीवर गुलाबी डाग आला, तोही आईच्या लुगड्यावर. कोरं कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायचं, रंग जाईपर्यंत खळबळून वाळवायचं आणि मगच कापायचं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. हे मी फोनवर सांगितलं. अकरावीतल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, बादलीला मीठ किती?" कारण सांगत बसली नाही. म्हणूनच डाग पडूनही मी या मुलींचं नाव चार जणींना सुचवलं आहे.

किमतीबद्दल मात्र गटाशी माझं भांडण आहे. दोघी मुली, रोज संध्याकाळी पावणेदोन तास, तीन आठवडे. हिशेब केला तर तासाला १७-१८ रुपये पडतात. मी मशीनवर अस्तराचा ब्लाउज अडीच तासांत शिवते आणि ४०० घेते. निदान २,५०० लावा, असं मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक फिरकणार नाही. माझ्यादेखतच एका गृहस्थांनी १,६०० ची गोधडी १,२०० ला मागितली होती. मुलींच्या शिक्षणाला मदत म्हणून घेतोय, असंही वर म्हणाले. त्या ४०० रुपयांत प्रॅक्टिकलच्या वह्या येतात हो! कृपा करून इथे घासाघीस करू नका. नको असेल तर घेऊ नका, पण टाके मोजून बघा आणि मग भाव बोला.

घ्यायचंच असेल तर दुपट्यापासून सुरुवात करा, तयार मिळतं, मऊ आहे, बाळाच्या अंगाला कुठे टोचत नाही. बटवे मला तितके आवडले नाहीत, चेन हलक्या प्रतीची आहे. गोधडीला कापड देणार असाल तर सुतीच द्या, सिंथेटिक साडीत टाका धरत नाही आणि मुलींचे हात दुखतात.

वडिलांची दोन धोतरं आणि आईचं एक खणाचं परकर मी धुऊन घडी करून ठेवलं आहे. यंदा ती मुलगी बारावीला आहे, म्हणून तिचा शेवटचा पेपर झाला की स्वतःच घेऊन जाणार आहे. लाल अस्तर माझ्याकडचं देईन, भिजवून.