आजारानंतर घशाशी येणारे आम्ल: पोटाने श्वास घ्यावा की श्वासाचे यंत्र आणावे?

फ्लू, कोविड किंवा तशाच एखाद्या विषाणूजन्य आजारातून उठल्यावर, ताप जाऊन तीन-चार आठवडे झाले तरी जेवणानंतर छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे, पहाटे ढास लागणे आणि आवाज बसलेला राहणे, या तक्रारी अनेकांच्या परिचयाच्या आहेत. अशा माणसाला घरातून आणि शेजारून चार सल्ले मिळतात: पोटाने श्वास घे, कपालभाती कर, रुग्णालयातून आणलेले तीन चेंडूंचे यंत्र ओढत राहा, किंवा श्वासाचे स्नायू बळकट करणारे नवे यंत्र मागव. या चारही गोष्टींना आपण ‘श्वासाचे व्यायाम’ असे एकच नाव देतो. आम्ल वर येण्यावर मात्र त्यांचा परिणाम सारखा नसतो आणि त्यांतला एक तर उलटही पडू शकतो. पोटाने श्वास घेणे आणि श्वासाचे स्नायू बळकट करणारे, म्हणजे प्रतिरोधाचे, यंत्र या दोन पर्यायांचा आम्लाच्या तक्रारीसाठी थेट अभ्यास झालेला असल्यामुळे येथे मुख्य तुलना त्या दोघांचीच आहे.

श्वासाचा आणि ॲसिडिटीचा संबंध काय, हे आधी पाहिले पाहिजे, कारण निवड त्यावरच ठरते. अन्ननलिका श्वासपटलातील, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यातील, एका छिद्रातून पोटात उतरते. तिच्या खालच्या टोकाला स्वतःचा वर्तुळाकार स्नायू असतो आणि साधारण त्याच जागी श्वासपटलाच्या मागच्या भागातले तंतू तिला बाहेरून वेढा घालतात. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब घटतो व पोटातला वाढतो, म्हणजे जठरातले आम्ल वर खेचले जाण्यास अनुकूल स्थिती तयार होते. नेमक्या त्याच क्षणी बाहेरचे तंतू आवळतात आणि वाट बंद ठेवतात. आतला स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही, परंतु बाहेरचा दंडाच्या स्नायूसारखाच सरावाने बळकट होऊ शकणारा आहे. अर्थात आम्ल वर येण्याचे प्रसंग पुष्कळदा ही दोन्ही दारे काही सेकंद आपोआप सैल पडल्यामुळे घडतात, त्यामुळे स्नायू बळकट झाला म्हणजे प्रश्न सुटला, इतके ते सरळ नाही.

आजारानंतर हे दार कमकुवत वाटण्याची कारणेही एकसारखी नसतात. खोकल्याच्या प्रत्येक उबळीने पोटावर दाब येतो, आम्ल वर चढते आणि त्याने घसा हुळहुळला की पुन्हा खोकला येतो. दमलेला माणूस मान व खांदे उचलून वरच्या छातीने श्वास घेऊ लागतो आणि ती सवय आजार संपल्यावरही टिकते. त्यात तापासाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांची किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे होण्याची भर पडते. ही दोन्ही औषधे पचनमार्गाच्या आतल्या आवरणाला इजा करू शकतात. जे अतिदक्षता विभागात बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते, त्यांचे श्वासपटल खरोखरच अशक्त झालेले असू शकते. आणि काहींच्या बाबतीत आम्ल नेहमीइतकेच असते, फक्त घशाच्या नसा आजारानंतर अतिसंवेदनशील झालेल्या असतात.

पोटाने श्वास घेण्याच्या बाजूने सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा पुरावा ऑस्ट्रियातील ग्राझ येथील 2012 च्या प्रयोगाचा आहे. त्यात 19 रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाने चार आठवडे रोज सुमारे अर्धा तास पोटाने श्वास घेण्याचा सराव केला. मोजणीच्या एकूण वेळेपैकी अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा काळ त्या गटात सरासरी 9.1 टक्क्यांवरून 4.7 टक्क्यांवर आला. सध्याच्या निकषांनुसार 6 टक्क्यांच्या वरचा काळ निश्चित विकृत आणि 4 टक्क्यांच्या आतला सामान्य मानतात, म्हणजे सुधारणा मोठी होती, पण रुग्ण सरासरीने पूर्ण सामान्य झाले नव्हते. नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांनी सराव चालू ठेवला होता त्यांना आम्ल कमी करणारे औषध कमी लागत होते. पुढे अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेवणानंतर केलेल्या अशा श्वसनाने त्या वेळेतील आम्ल वर येण्याचे प्रसंग घटल्याचे दिसले. हे अभ्यास लहान आहेत आणि ग्राझच्या प्रयोगात मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकणे) असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, ही मर्यादा लक्षात ठेवावी. तसेच हे रुग्ण विषाणूजन्य आजारातून उठलेले म्हणून निवडलेले नव्हते. आजारानंतरच्या तक्रारीला हा पुरावा आपण तर्काने लावतो आहोत.

कृती साधी आहे, पण ती बहुतेकजण घाईने करतात. पाठीला आधार देऊन बसावे किंवा उशाकडची बाजू उंच करून टेकावे, एक हात छातीवर आणि दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना फक्त खालचा हात उचलला गेला पाहिजे आणि छातीवरचा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मग श्वास घेण्यास लागला त्याहून थोडा जास्त वेळ घेऊन, पोट न आवळता, तो सोडावा. सुरुवातीला पाच मिनिटेही पुरेशी आहेत. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर आपण जरुरीपेक्षा जास्त हवा घेत आहोत, असे समजून थांबावे.

प्रतिरोधाच्या यंत्राचे तत्त्व वेगळे आहे. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ठरवलेल्या जोराने श्वास ओढल्याशिवाय ती उघडत नाही, म्हणजे श्वासाच्या स्नायूंना वजन उचलायला लावल्यासारखे होते. श्वास ओढण्याची कमाल ताकद मोजून तिच्या सुमारे 30 टक्के भारावर सुरुवात करायची, दिवसातून दोनदा साधारण 30 श्वास घ्यायचे आणि भार हळूहळू वाढवत न्यायचा, अशी नेहमीची पद्धत आहे. ब्राझीलमधल्या छोट्या अभ्यासांत सुमारे दोन महिन्यांच्या अशा सरावाने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा दाब वाढल्याचे दिसले. यंत्राचा खरा फायदा मोजमापात आहे: आज किती भार आणि महिन्यापूर्वी किती, हे आकड्यात कळते. पोटाने श्वास घेताना असा आकडा मिळत नाही आणि आपण बरोबर करत आहोत की नाही, अशी शंका अनेक आठवडे राहू शकते. दुसरीकडे, भार आपल्या अंदाजाने लावला तर मान आणि खांदे ओढले जातात आणि जी चुकीची सवय मोडायची तीच पक्की होते. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास झालेला असणे, कानाचा पडदा फाटलेला असणे, पोटाची वा डोळ्याची अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असणे, दमा काबूत नसणे, यांपैकी काही असेल तर हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊ नये. ते भरल्या पोटी तर वापरूच नये. पोटाने सावकाश श्वास मात्र जेवणानंतर बसूनही घेता येतो.

तीन चेंडूंचे यंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोहोचले आणि त्याच्याविषयी आपुलकी असणे समजण्यासारखे आहे. त्यावरचे 600, 900 आणि 1200 हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली जाते ते दाखवतात. फुप्फुसाचे मिटलेले भाग फुलवणे हे त्याचे काम आहे. त्यात स्नायूवर मोजून चढवता येईल असा भार नसतो, म्हणून आम्लासाठी त्यावर विसंबू नये. कपालभातीत तर पोटाला झटका देऊन श्वास बाहेर टाकायचा असतो आणि आत येणारा श्वास आपोआप येतो, म्हणजे श्वासपटलाला व्यायाम फारसा नाही आणि पोटातला दाब मात्र खोकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाढतो. जळजळ चालू असेपर्यंत कपालभाती आणि भस्त्रिका बाजूला ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. संथ अनुलोम-विलोमाला मात्र हा आक्षेप लागू होत नाही.

त्यामुळे घरीच आजार काढलेल्या, चालता-फिरता धाप न लागणाऱ्या माणसाने पोटाने श्वास घेण्यापासून सुरुवात करावी आणि यंत्रासाठी पैसे खर्च करू नयेत. जे अतिदक्षता विभागातून आले आहेत, ज्यांना जिना चढताना धाप लागते किंवा ज्यांच्या श्वास ओढण्याच्या ताकदीची मोजणी कमी आली आहे, त्यांच्यासाठी यंत्र योग्य आहे, पण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंगातले त्राणच जाते असा अनुभव असलेल्यांनी यंत्राचा भार वाढवण्याची घाई मुळीच करू नये. मोठा हायटस हर्निया असेल तर व्यायामाकडून फार अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

यांपैकी कोणताही पर्याय औषधाच्या जागी नाही. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी आणि व्यायाम सुरू केला म्हणून स्वतःहून बंद करू नये, कारण अचानक थांबवल्यास काही दिवस आम्ल उलट जास्त सुटू शकते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे ठोकळे ठेवणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, याचाही उपयोग होतो. आपल्या वामकुक्षीतली डावी कूस या दृष्टीने योग्यच आहे, फक्त ती जेवणानंतर दोन-तीन तासांनी घ्यावी.

गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच होणे, किंवा श्रमाने वाढणारी, हातात वा जबड्यात जाणारी छातीतली कळ असेल तर कोणताही व्यायाम सुरू न करता लगेच डॉक्टरांकडे जावे. इतरांनी रात्रीची जळजळ, पहाटेची ढास आणि लागलेल्या गोळ्या रोज वहीत लिहून ठेवाव्यात. चार आठवड्यांत त्या नोंदींत काहीच फरक दिसला नाही तर व्यायामाची पद्धत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, आणि आठ आठवड्यांनंतरही तीच स्थिती असेल तर एंडोस्कोपी किंवा अन्ननलिकेतील आम्लाची चोवीस तासांची मोजणी करावी का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावे.