जीएफपी पटलाला चिकटवायचंय? शेपूट निवडण्याआधी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) पेशीपटलावर बसवायचं ठरलं की प्रश्न येतोच: मिरिस्टॉइल की फार्नेसिल? सावजी रश्श्यावरची तर्री पाहिलेल्या नागपूरकराला तेल-पाण्याचं वैर समजावायला नको. प्रथिनाला मेदाचं शेपूट लागलं की ते पटलाच्या तेलकट थरात रुततं. पण कोणतं शेपूट, हे तुमच्या प्रथिनाचं कुठलं टोक मोकळं आहे त्यावर ठरवा.

मिरिस्टॉइल १४ कार्बनचं; नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून, मायरिस्टिका. सुरुवातीचं मेथिओनिन कापलं गेलं की उघड्या पडलेल्या ग्लायसिनवर ते बसतं. मी नेमकं इथंच आपटलो. ग्लायसिनच्या आधी जीएफपी जोडलं. भर मे महिन्यात, डब्यातला बर्फ वितळायच्या आत लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं) उरकलं, आणि मायक्रोस्कोपखाली अख्खी पेशी हिरवीगार! कडेची रेघ कुठेच नाही. ग्लायसिन सुरुवातीलाच राहावं म्हणून जीएफपी मागे हवं होतं. शिवाय एकट्या मिरिस्टॉइलची पकड ढिली. सार्क प्रथिनात तिला धनप्रभारी अमिनो आम्लांची साथ असते, फिन प्रथिनात पाल्मिटॉइल या आणखी एका मेदाच्या शेपटाची.

फार्नेसिल १५ कार्बनचं, प्रथिनाच्या शेवटून चौथ्या जागी असलेल्या सिस्टीनवर. अगदी शेवटी ल्यूसिन असेल तर सहसा २० कार्बनचं जेरानिलजेरानिल बसतं, ते आणखी घट्ट. इथे जीएफपी पुढे आणि त्या सिस्टीनपासूनची खुणेची चार अमिनो आम्लं मागे. त्यांच्यानंतर एकही अमिनो आम्ल चालत नाही, लगेच स्टॉप कोडॉन. एच-रास या प्रथिनाचं शेपूट घेतलंत तर फार्नेसिलसोबत दोन पाल्मिटॉइलही लागतात, आणि कडा छान उजळतात. मात्र पाल्मिटॉइलचा थायोएस्टर (गंधकामार्फतचा) बंध पेशी तोडते, पुन्हा जोडते. त्यामुळे थोडा उजेड गॉल्जीतही दिसेल, घाबरू नका.

नुसत्या पाल्मिटॉइलच्या नादी नवख्याने लागू नये. त्याला ठरलेली खूणच नाही. जीपीआय हे साखर-मेदाचं शेपूट प्रथिनाला पेशीच्या बाहेरच्या अंगाला टांगतं, म्हणजे आपल्या कामाचं नाही.

लॅबमध्ये फक्त ई. कोलाय जिवाणू असेल तर? त्यात यापैकी एकही शेपूट जोडणारं एन्झाइम नसतं. मिरिस्टॉइल निदान जमवता येतं: यीस्टचं एनएमटी (मिरिस्टॉइल जोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक दुसऱ्या प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळावर) सोबत द्या. सस्तन पेशी वाढवायची सोय असेल तर मी डोळे मिटून एच-रास घेईन. फक्त प्रायमर मागवण्याआधी व्हेक्टरचा (जनुक वाहून नेणाऱ्या प्लास्मिडचा) नकाशा उघडून सी-टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या शेवटी, हिस-टॅग (हिस्टिडिनची जोडशेपटी) तर नाही ना, ते बघा; असेल तर खुणेनंतर अमिनो आम्लं येतील.