फुली दिसेल तिथे सही

मुलीकडून परतताना फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं आमचं विमान ऐनवेळी रद्द झालं. तांत्रिक बिघाड. निघालो दुसऱ्या दिवशी. हॉटेल, जेवण कंपनीनेच दिलं. काउंटरवरच्या बाईने एक छापील कागदही हातात ठेवला. तो घडी घालून मी पर्सच्या कप्प्यात टाकला, लिमलेटच्या गोळ्यांशेजारी. रात्रभराच्या जागरणानंतर कोण वाचतंय!

नाशिकला आल्यावर आमच्या तिकिटाच्या एजंटाला हे सहज सांगितलं. गंगापूर रोडला ऑफिस, जुनी ओळख, दिवाळीला फराळाचा डबा जायचा त्याच्याकडे. तो म्हणाला, “काकू, भरपाई मिळू शकते, पण तो नियम युरोपच्या नागरिकांसाठी. आपल्याला वकील लावावा लागतो. आणि आठ दिवसांत केलं तरच.” फाइलचे माणशी साडेसात हजार घेतले आणि तीन पानी इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. एकतीस वर्षं मी शाळेत ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडले, आणि इथे फुली दिसेल तिथे सही केली. ह्यांनी तर खिशातला चष्माही बाहेर काढला नाही.

चार महिन्यांनी खात्यात वीस हजार आले. “कंपनीने माणुसकी म्हणून दिले,” असं तो म्हणाला. पंधरा भरून वीस मिळाले म्हणून आम्ही त्याला पेढे नेऊन दिले. हो, पेढे.

मग एका सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ह्यांचे एक मित्र बोलता बोलता म्हणाले, त्यांचंही विमान तिकडून असंच रद्द झालं होतं. कंपनीच्या वेबसाइटवर त्यांनी स्वतः फॉर्म भरला आणि सहाशे युरो मिळाले. ह्यांचा चहा तसाच राहिला.

मुलीने नियम शोधून वाचून दाखवला. २००४ सालचा, २६१ क्रमांकाचा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून उडणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असो, नियम लागू. प्रवाशाचा पासपोर्ट कुणाचा, हा प्रश्नच येत नाही. (मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय संघातली असेल तरच.) साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरो. वादळबिदळ असेल किंवा चौदा दिवस आधी कळवलं असेल तर नाही, पण तांत्रिक बिघाडाची सबब सहसा चालत नाही, हे तिथल्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. आणि आठ दिवस कसले? जर्मनीत तीन वर्षांची मुदत असते. खरं तर तिकडे असतानाच आमची ट्रेन सव्वा तास लेट झाली होती, तेव्हा मुलीने सोफ्यावर बसून अर्ज भरून पाव भाडं परत मिळवलं होतं. ते डोळ्यांनी बघूनही आमची ट्यूब पेटली नाही.

विमान कंपनीला मेल टाकला. उत्तर सहा दिवसांत: दोघांचे मिळून १,२०० युरो तुमच्या प्रतिनिधीच्या खात्यात जमा केले आहेत. सोबत आमचाच फॉर्म. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, सगळी रक्कम प्रतिनिधीला द्यावी. खाली माझी सही, अगदी वळणदार. लाखाच्या वर रक्कम, आणि आमची माणुसकी वीस हजारांची.

जाब विचारायला गेलो तर म्हणतो, “काकू, सर्व्हिस चार्ज असतो ना.” आवाज चढवल्यावर फाइलचे पंधरा हजार तेवढे परत दिले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी पडत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

कागदपत्रं जमवताना पर्स उलटी केली तेव्हा तो फ्रँकफर्टचा कागद निघाला. कुणाला किती भरपाई, तक्रार कुठे करायची, सगळं छापलेलं. एक लिमलेटची गोळी त्याला चिकटली होती. ती सोडवली आणि कागद फाइलला लावला, डागासकट.