सात महिन्यांनंतर : १:३५ टी-३४/८५ रणगाड्याच्या किटचा अनुभव

सुट्या प्लास्टिक तुकड्यांतून रणगाड्याची प्रतिकृती जोडायचं हे किट हातात आलं त्याला सात महिने झाले. पहिले साडेतीन महिने जोडण्यात आणि रंगवण्यात गेले, तेव्हापासून रणगाडा काचेच्या कपाटात उभा आहे. खोकं उघडलं त्या आठवड्यात लिहायला बसले असते तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता तेवढे देणार नाही. तरी ज्यांना मनापासून हौस आहे त्यांनी हे जरूर करावं. फक्त कुठे काय होतं ते आधी माहीत असावं, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

टी-३४/८५ निवडला कारण पहिल्या रणगाड्याला तो सोसतो. १९४४ च्या सुरुवातीला सोव्हिएत सैन्यात दाखल झालेला, ८५ मिलिमीटर तोफेचा, टरेटमध्ये (तोफेच्या फिरत्या बुरुजात) तिघं बसतील असा हा रणगाडा. बाजू उतरत्या आणि सपाट, दोन्हीकडे पाच-पाच मोठी चाकं. जर्मन टायगर रणगाड्यासारखी एकात एक गुंतलेली चाकं नाहीत, वर ट्रॅक (चाकांभोवती फिरणारा कड्यांचा पट्टा) पेलणारे छोटे रोलर नाहीत. त्यामुळे जोडताना नजरेला सगळं नीट पोचतं.

मापाबद्दल थोडं आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, हे प्रमाण ऐकायला अडनिडं वाटतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने मोटरवर चालणारा पँथर या जर्मन रणगाड्याचा किट काढला, आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला, आणि मागाहून मोजलं तेव्हा ते प्रमाण साधारण १:३५ भरलं. पुढे तेच रूढ झालं. या मापात खऱ्या रणगाड्याच्या बाजूचं ४५ मिलिमीटरचं चिलखत जेमतेम १.३ मिलिमीटर होतं. आता उलटा हिशेब करा. ब्रशने रंगाचा जाड हात मारला आणि तो एक दशांश मिलिमीटर जरी साचला, तरी खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखं झालं. बोल्टची डोकी, जाळीच्या पट्ट्या, वेल्डिंगच्या रेषा सगळ्या त्याखाली बुजतात. हा हिशेब मी किट घ्यायच्या आधी केला असता तर पहिली दोन चाकं वाया गेली नसती.

आता किटबद्दल. खोक्यावर तुकड्यांची संख्या मोठ्या अक्षरात छापलेली होती आणि मला तेव्हा तीच खूण चांगल्या किटची वाटली. आज म्हणेन, तो आकडा बघूच नका. तुकडे एकमेकांना कसे बसतात ते बघा. या किटमध्ये चाकं, मागची इंजिनाची जाळी, हेडलाइट हे सगळं सुरेख आहे, पण खालचा सांगाडा आणि वरचं झाकण यांच्यात मागच्या बाजूला नखाची कड जाईल एवढी फट राहिली. ती लांबी (फटी बुजवायचा लेप) भरून, घासून, परत भरून बुजवायला चार संध्याकाळी गेल्या. माहितीपत्रकात चाकांच्या डाव्या-उजव्या दांड्यांचे आकडे उलटसुलट छापले आहेत. चिकटवण्याआधी सगळं कोरडंच बसवून पाहायची सवय होती म्हणून वाचले. ही सवय मात्र कुठल्याही किटला लावून घ्या.

टरेटवर मी सगळ्यात जास्त रमले. खरा टरेट वाळूच्या साच्यात ओतलेला पोलादी, त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि मध्यावर ओतकामाची एक आडवी रेषा सगळीकडून फिरलेली. किटमधला टरेट मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. लिक्विड सिमेंट (मॉडेल चिकटवायचा पातळ गोंद) पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, वितळवतं, त्याचाच उपयोग केला. तळहाताएवढ्या भागावर एकदम न लावता बोटाच्या पेराएवढ्या जागेवर सिमेंट फिरवायचं, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, प्लास्टिक जरा मऊ झालं की जुन्या, कापून आखूड केलेल्या ताठ ब्रशने उभं टोचत जायचं. सुरुवातीला खड्डे फार टोकदार दिसतात. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला की टोकं बसतात आणि हाताला खरोखर ओतीव लोखंडासारखं लागतं. एकच चूक झाली. साच्याची शिवण समजून मी एका बाजूची ओतकामाची रेषाही घासून टाकली होती. ती किटवाल्यांनी मुद्दाम दिलेली होती. मग स्प्रूचा (तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर ताणून केसाएवढी तार काढली आणि ती रेषा परत बसवली.

ट्रॅकसाठी सलग दोन आठवडे गेले. एका बाजूला ७२ कड्या, त्यातल्या एकाआड एक दातेरी आणि एकाआड एक सपाट. सुदैवाने सगळ्या सुट्या नाहीत. वरचा आणि खालचा सरळ भाग अखंड पट्टीत येतो, फक्त पुढच्या आणि मागच्या चाकाभोवतीच्या कड्या सुट्या चिकटवायच्या. टी-३४ चं मागचं चाक ट्रॅकला त्या मधल्या दातांनीच ओढतं, त्यामुळे दातेरी कडी चुकीच्या जागी आली की पुढचं सगळं सरकतं. कड्यांच्या पिनांची डोकी आतल्या अंगाला असतात. खऱ्या रणगाड्यात बाहेर सरकलेली पिन परत आत ढकलायला सांगाड्याच्या मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी बसवलेली असे, चालता चालताच ती पिन ठोकली जाई. मला हे कळलं तेव्हा डावा ट्रॅक अर्धा उलटा लागला होता. सिमेंट ओलं होतं म्हणून निघाला.

आणि ट्रॅक ताणून बसवू नका. या रणगाड्यात वरचा ट्रॅक सरळ चाकांच्या पाठीवर टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये खाली झुकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकामधलं अंतर इतरांपेक्षा जास्त, म्हणून तिथला झोल जरा मोठा दिसायला हवा. सिमेंट अर्धवट वाळलेलं असताना वरून स्पंजाचे तुकडे खोचून तो झोल दिला आणि रात्रभर तसाच ठेवला. रणगाड्याला वजन आहे असं वाटतं ते मुख्यतः यामुळे. रंगापेक्षाही यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

रंगाआधीचा एक प्रसंग. दादा गेली कित्येक वर्षं मॉडेलं करतो. त्याला फोन केला.

"दादा, फटी सगळ्या बुजवल्या. हिरवा मारायला घेऊ ना?"

"आधी राखाडी प्रायमर, रंगाखालचा पहिला थर, मार. वाळू दे. मग बॅटरीचा उजेड आडवा टाकून बघ आणि मला फोटो पाठव."

पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "मागच्या डाव्या कोपऱ्यात लांबी खचलीये बघ. परत भर. आणि तोफेच्या नळीला अजून आठ दिवस हात लावू नकोस."

कोपरा भरला. नळीचं मात्र मी ऐकलं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

सोव्हिएत रणगाड्यांचा नेहमीचा हिरवा म्हणजे ४बीओ. बाटलीतला रंग तसाच मारला तर एवढ्या लहान वस्तूवर तो फार गडद दिसतो. मी त्यात थोडा पिवळट मातकट रंग मिसळला. वरच्या सपाट भागांवर आणखी उजळ, खाली चाकांमागे मूळ गडद. ०.३ मिलिमीटर सुईचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनाएवढं यंत्र), साधारण एक बार दाब, आणि रंग दुधाएवढा पातळ. पहिला हात मारल्यावर खालचा राखाडी दिसतच राहतो आणि जीव घाबरतो. तरी थांबायचं. असे पाच पातळ हात बसले आणि बोल्टचं एकही डोकं बुजलं नाही. एअरब्रश नसेल तर ब्रशनेही होतं, पाण्यावरचे अॅक्रिलिक रंग घ्या, पातळ करा, आणि आधीचा हात पुरता वाळल्याशिवाय त्यावर फिरू नका. फवारताना मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. अॅक्रिलिक असला तरी हवेत उडालेला रंग छातीत जाऊ नये.

टरेटवरचे पांढरे आकडे म्हणजे डेकल, पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील चित्रं. ते मी थेट मॅट रंगावर लावले. वाळल्यावर आकड्यांभोवती चंदेरी झाक आली, जणू टिकल्या चिकटवल्यात. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि ती चमकते. दुसऱ्या बाजूला आधी ग्लॉस वार्निशचा हात दिला, त्यावर डेकल, वर डेकल मऊ करणारं द्रावण. आकडा टरेटच्या खडबडीतपणात असा काही मुरला की रंगवलेलाच वाटतो. पहिली बाजू सुईने टोचून, वारंवार द्रावण सोडून बरीच सुधारली, तरी आडव्या उजेडात अजून कळतं.

सगळ्यात मोठा दणका वॉशने दिला. वॉश म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ, गडद एनॅमल रंग. वरच्या भागावर बारीक ब्रशने जिथल्या तिथे सोडला तर जाळ्या, बिजागऱ्या, झाकणांच्या कडा अशा उठून येतात की बघत राहावंसं वाटतं. खालच्या भागात मात्र मी चाकांच्या मागे मनसोक्त ओतला. चिखलाने झाकलं जाणार, मग जपायचं कशाला असं वाटलं. सकाळी रणगाडा उचलला आणि डाव्या बाजूची तीन चाकं टेबलावरच राहिली. दांड्या मुळाशी काडीसारख्या तडकल्या होत्या. चाकं बसवताना त्या दांड्यांवर ताण होता, चाकांच्या मागे प्रायमर पोचलाच नव्हता, आणि उघड्या, ताणलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये एनॅमलचं थिनर झिरपलं की ते असं तडकतं. प्रत्येक दांडीत ०.८ मिलिमीटरचं छिद्र पाडून तारेचा तुकडा घातला आणि सुपरग्लूने पक्कं केलं. एकूण सहा तास गेले. तेव्हापासून खालच्या बाजूला आधी वार्निश, मगच वॉश, तोही थेंबाथेंबाने.

धूळ आणि चिखलावर फार लिहीत नाही. रंगीत भुकटी, थोडं प्लास्टर, बस्स. गंजाबद्दल एवढंच म्हणेन की ट्रॅक नारिंगी करू नका. चालत्या रणगाड्याचे ट्रॅक काळपट तपकिरी असतात आणि जमिनीला घासणाऱ्या कडा पोलादासारख्या चकाकतात. त्या कडांवर मी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडावा याचा मला अजून आनंद होतो.

आता कपाटातले साडेतीन महिने. तारेवर बसवलेली चाकं घट्ट आहेत. ट्रॅकचा झोल तसाच आहे. टरेटचे पोत, रंग, उजव्या बाजूचा आकडा, कशालाही धक्का नाही. फेंडरवरची (ट्रॅकवरच्या पत्र्यावरची) भुकटी मात्र थोडी झडली, तळाशी तिची बारीक रेघ पडते. ती नुसती न टाकता फिक्सरने (भुकटी धरून ठेवणाऱ्या द्रावणाने) बसवायला हवी होती.

आणि तोफेची नळी. ती दोन अर्ध्या भागांची येते. चिकटवली, एका दिवसात घासून गुळगुळीत केली, रंगवली. शिवण मुळीच दिसत नव्हती. दोन महिन्यांनी कपाट पुसताना उजेड नळीवरून घसरला तेव्हा टोकापासून मुळापर्यंत एक बारीक खोलगट रेषा दिसली. सिमेंट वरून तासाभरात वाळतं, पण वितळलेलं प्लास्टिक आतून कित्येक दिवस आक्रसत राहतं. मी ते आक्रसायच्या आत घासलं, नंतर ते खाली बसलं आणि रंगही सोबत गेला. दादाने आठ दिवस सांगितले होते ते याचसाठी. नळी वेगळी काढून परत घासता येईल, पण रंगाची छटा जुळवणं अवघड आहे, म्हणून सध्या तशीच ठेवली आहे. लेथवर कातलेली धातूची तयार नळी वेगळी मिळते. हे किट घेणार असाल तर सोबत तीच घ्या, माहितीपत्रकात नळीचा टप्पा आला की दोन अर्धे बाजूला ठेवून द्या.

गुण विचाराल तर तपशिलाला पूर्ण, जोडांना निम्मे, माहितीपत्रकाला त्याहून कमी. अगदी पहिलंच मॉडेल असेल तर कमी तुकड्यांचं, नीट बसणारं किट आधी करा आणि मग याकडे या. एकदोन केलेली असतील तर टरेट आणि ट्रॅक या दोन गोष्टींसाठी मी हे किट परत घेईन. घेतलंही आहे. नवीन खोक्यातला सांगाडा परवाच कोरडा बसवून पाहिला, मागची फट याही वेळी आहे. या वेळी फटीत लांबीऐवजी प्लास्टिकची बारीक पट्टी बसवली आणि घासायला अजून हात लावलेला नाही.